जरा सरकता का? टेकडीवरून मुंबई की कट्ट्यावरून मुंबई

गेल्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, पोरांना घेऊन मुंबईला चाललोय. एकच संध्याकाळ हातात आहे. मलबार हिल करू की मरीन ड्राइव्ह? हॉटेलात बसून बघण्याइतके पैसे नाहीत, आधीच सांगतो."

त्याने योग्य माणसाला विचारलं. माझं कापडाचं दुकान आहे आणि मंगलदास मार्केटात खरेदीला वर्षातून तीन-चार खेपा होतात. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने उतरायचं, दुपारपर्यंत ठाणं उलगडून भाव करायचे, माल ट्रान्सपोर्टला लावायचा आणि रात्री त्याच गाडीने परत. गाडी सुटते आठ-साडेआठच्या सुमाराला. म्हणजे चार ते आठ हा वेळ माझा. या चार तासांत, कमीत कमी पैशांत, मुंबईची स्कायलाइन कुठून चांगली दिसते याचा शोध मी बरीच वर्षं घेतोय.

हॉटेलांच्या गच्च्यांचं आधीच निकालात काढतो, कारण तो हट्ट मी एकदा पुरवून घेतला आहे. सौ. बरोबर होती. लिफ्टने वर गेलो, कडेच्या टेबलाकडे वळलो तर ते म्हणे जेवणाऱ्यांसाठी. आम्हाला आतलं टेबल आणि मधे जाड काच. बाहेर अंधार पडला तसा काचेत त्यांच्याच झुंबराचा उजेड दिसायला लागला आणि त्यात आम्ही दोघं, लिंबू सोडा पिताना. नरिमन पॉइंट होता त्या मागे कुठेतरी. दर दहा मिनिटांनी वेटर येऊन "और कुछ सर?" म्हणत होता. बिलाचा आकडा सांगत नाही. दुकानातली पोरं वाचतात हे.

तर खरी लढत दोघांची. एकीकडे मलबार हिलची टेकडी, म्हणजे कमला नेहरू पार्क, समोरचं हँगिंग गार्डन आणि आता तिथल्याच उतारावर झाडांमधून बांधलेला उन्नत निसर्ग मार्ग. दुसरीकडे मरीन ड्राइव्हचा कट्टा, त्यातही नरिमन पॉइंटचं टोक, एनसीपीए या नाट्यगृहाच्या समोरचं.

टेकडीची बाजू आधी मांडतो, कारण ती मला मनापासून आवडते. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांना क्वीन्स नेकलेस म्हणतात, तो हार हार म्हणून फक्त वरूनच दिसतो. साडेतीन किलोमीटरचा वळसा, त्यावर एकेक दिवा लागत जातो आणि पायथ्याशी गिरगाव चौपाटीचा वाळूचा तुकडा. नजर पुढे गेली की वानखेडेचे दिव्यांचे खांब, मग नरिमन पॉइंटचे मनोरे. सामना असेल त्या रात्री वानखेडे एखाद्या पेटत्या परातीसारखं दिसतं, ते भाग्य मला एकदाच लाभलं. शिवाय संध्याकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं. समोरच्या इमारती साडेपाच-सहाला तांबूस होतात, खिडक्या चमकतात. फोटो काढणाऱ्यांना हा उजेड कट्ट्यावर मिळत नाही, कारण तिथे सूर्य समोर असतो आणि पलीकडची टेकडी नुसती काळी आकृती होऊन उभी राहते.

खर्चही किरकोळ आहे. बागांना पैसे पडत नाहीत. निसर्ग मार्ग 2025 च्या मार्चअखेर सुरू झाला, भारतीयांना 25 रुपये, ऑनलाइन नोंदणी करून तासाची वेळ घ्यायची, सकाळी 5 ते रात्री 9. पाचशे मीटरला थोडी कमी अशी लाकडी वाट झाडांच्या शेंड्यांतून जाते. मुंबईत एवढी हिरवळ आणि खाली समुद्र, हे बघून आमच्याकडच्या माणसाला जरा गंमतच वाटते. पोहोचायला चर्नी रोड नाहीतर ग्रँट रोड स्टेशनवरून बस, किंवा तीन-चार जण असाल तर सरळ काळीपिवळी. किमान भाडं 31 रुपये झालंय, अंतर फार नाही, माणशी वीस-पंचवीसच्या आसपास पडतं. रिक्षा शोधत बसू नका, त्या भागात रिक्षा नसतातच.

एवढं सगळं असून मी टेकडीवर जायचं जवळजवळ सोडलं. त्याचं कारण तीन शब्दांचं आहे: जरा सरकता का.

झाडं वाढली आहेत. चांगलंच आहे, पण त्यामुळे बागेतून समुद्राचा मोकळा देखावा दिसेल अशा जागा मोजक्या उरल्यात, आणि संध्याकाळी आलेला प्रत्येक जण त्याच चार-पाच फटींशी येऊन उभा राहतो. स्कायलाइन पाहायला लागतो तो वेळ म्हणजे सूर्य बुडायच्या अर्धा तास आधीपासून दिवे पूर्ण लागेपर्यंत, एकूण तासभर. आकाश निळं असतं आणि दिवे लागलेले असतात अशी त्यातली पंधरा-वीस मिनिटं, ज्यासाठी आपण आलो. नेमकं त्याच वेळी मागून हात खांद्यावर पडतो. "भाऊ, जरा सरकता का? एक फोटो." सरकलो. तो गेला, मग त्याची बायको आणि सासू. मग एक मोठा ग्रुप, "अंकल, थोडा साइड में." सरकत सरकत मी एकदा बाकड्यापर्यंत आलो आणि बाकड्यावरून फक्त एका आंब्याच्या झाडाची पाठ दिसत होती. कुणाचं चुकलं म्हणावं तर कुणाचंच नाही. त्यांनाही एकच संध्याकाळ होती.

निसर्ग मार्गावर गर्दीवर मर्यादा आहे, म्हणून मी तिकडे मोठ्या आशेने गेलो. पण वेळ ठरलेली. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या ठोक्याला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात-वीसला. तासांच्या खणांत बसवायला गेलात तर कधी मावळती पहिल्या खणात आणि दिवे दुसऱ्या खणात. दोन्ही सापडतील असा खण घ्यावा तर मला रविवारी तो मिळालाच नाही, मंगळवारी मिळाला. आणि दर्शक डेक शेवटी छोटासाच, पायाखाली काच, तिथे तर प्रत्येकाला पायांचाही फोटो हवा. पुन्हा तेच वाक्य, आणि पुन्हा मी सरकलेला. माझा स्वभाव भिडस्त आहे हेही मान्य करतो. कोपर मारून उभं राहता येणाऱ्याला कदाचित हा त्रास होणारही नाही.

आता कट्टा. गंमत अशी की कट्ट्यावरून पाहताना पायाखालची जमीनच मुळी समुद्राला "जरा सरकता का" म्हणून मिळवलेली आहे. भराव घालून केलेला रस्ता, त्याच्या कडेला तीसच्या दशकापासून उभ्या राहिलेल्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. 2018 साली त्या ओव्हल मैदानाच्या परिसरासह जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. पण ते पाहायला पाठ वळवावी लागते. टोकाला बसलात की समोर येतं ते असं: डाव्या हाताला उघडा समुद्र, मग राजभवनाचं, म्हणजे आताच्या लोकभवनाचं टोक, त्याला लागून वाळकेश्वरच्या इमारती, टेकडीची गर्द झाडी, तिच्यामागून डोकावणारे ताडदेवचे दोन टोकदार जुळे मनोरे, मग चौपाटी आणि तिथून आपल्याकडे वळत येणारी दिव्यांची ओळ. हार इथून आडवा दिसतो, वरच्यासारखा गोल नाही, हे टेकडीवाल्यांचं म्हणणं खरं आहे.

पण इथे सूर्य मिळतो. टेकडीवर तो पाठीमागे झाडांत आणि इमारतींत कधी गेला ते कळतही नाही. कट्ट्याच्या टोकावरून, ढग नसतील तर, तो बारा महिने पाण्यात बुडताना दिसतो. मी वेगवेगळ्या महिन्यांत येत असल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. डिसेंबरात तो पार डावीकडे, मोकळ्या समुद्रात बुडतो. मेअखेर सरकत सरकत राजभवनाच्या टोकाजवळ येतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही.

आणि मुख्य म्हणजे जागा. तीन किलोमीटरहून लांब कट्टा आहे, सगळ्यांना तोंड समुद्राकडे करून बसता येतं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात रिकामं पाणी. फोटो काढणारा येतो, पण तो तुमच्या शेजारी उभा राहतो, तुमच्या जागेवर नाही. तासभर, दीड तास, कोणी उठवत नाही. चणेवाला येतो, चहावाला येतो, नको म्हटलं की पुढे जातो. वेटरपेक्षा त्यांना माणसाची पारख जास्त. मी एकदा साडेपाचपासून पावणेआठपर्यंत एका जागी बसलो, दोन कटिंग चहा आणि एक शेंगदाण्याची पुडी एवढाच खर्च. शेजारी एक आजोबा होते, त्यांनी सांगितलं की 2015 साली दिवे बदलून पांढरे केले तेव्हा त्यांनी महिनाभर इकडे येणं सोडलं होतं. लोकांनी ओरड केली आणि पिवळसर दिवे परत आले. त्यांच्या मते जुना पिवळा वेगळाच होता. मला आताचाही चालतो.

कट्ट्याचे दोष लपवत नाही. ओहोटीला टेट्रापॉडच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या फटींतून वास येतो, उंदीरही दिसतात. एप्रिल-मेमध्ये घामाने शर्ट अंगाला चिकटतो, टेकडीवर निदान सावली असते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की लाटा रस्त्यावर येतात आणि पोलीस जवळ जाऊ देत नाहीत, तेव्हा भरतीची वेळ आधी बघून निघावं. स्वच्छतागृहासाठी चर्चगेट स्टेशनावरच जाऊन यावं, नंतर शोधत हिंडावं लागतं. आणि जोडप्यांची गर्दी असते, त्याचं कुणाला अवघड वाटत असेल तर वाटो. थंडीतला धुरका मात्र दोन्हीकडे सारखाच आडवा येतो. जानेवारीत एकदा मला पलीकडची टेकडी पुसट पेन्सिलीने काढल्यासारखी दिसली. निवडता येत असेल तर पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर घ्यावा, हवा धुतलेली असते.

तिसरा पर्याय काहीजण सुचवतात तो लाँचचा. भाऊच्या धक्क्यावरून पलीकडे उरणजवळच्या मोऱ्याला जाणारी लाँच शंभराच्या आतबाहेर नेते, आणि शहर हळूहळू मागे सरकताना दिसतं ते टेकडी आणि कट्टा दोघांनाही जमणार नाही. गोदीच्या क्रेन, त्यामागे शिवडी-परळचे नवे मनोरे, उत्तरेला अटल सेतूची रेघ, थंडीत मागे लागलेले सीगल. पण मोऱ्याच्या बंदरात गाळ इतका की ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या थांबतात. परतीची गाडी असलेल्या माणसाने हा जुगार खेळू नये. मुक्काम असेल तर अवश्य. नौदलाच्या बाजूला मोबाइल रोखू नका म्हणजे झालं.

परतीचं गणितही कट्ट्याच्याच बाजूने पडतं, निदान माझं. टेकडीवरून सातला उतरायचं म्हणजे चौपाटीच्या सिग्नलला अडकणं आलंच, एकदा मी सीएसएमटीला धावत शिरलोय आणि चपलेचा अंगठा तुटलेला. नरिमन पॉइंटवरून बस पंधरा-वीस मिनिटांत आणून सोडते, आणि आता विधान भवनाचं मेट्रो स्टेशन झाल्यापासून तीही काळजी नाही.

मेहुण्याला मी एवढंच सांगितलं की टेकडी वाईट नाही, आणि पोरं बरोबर आहेत तर कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात त्यांना चढू दिलंच पाहिजे, त्यांच्या आईनेही लहानपणी हट्ट केला होता. पण बूट चारला दाखव. पाचपर्यंत कठड्यापाशी जाऊन हार कुठून कुठे जातो ते बोटाने दाखव, दिवे नसले तरी वळण कळतं. मग खाली उतर आणि मावळतीच्या आत टोकाला येऊन बस.

"आणि वरून दिवे बघायचे राहिले तर?" तो म्हणाला.

म्हटलं, राहू देत, पुढच्या खेपेला कामाला ये, मंगळवारी. आणि येताना पेपर आण जुना. एप्रिलात तो कट्टा सहापर्यंत तव्यासारखा तापलेला असतो.