हलक्या काँक्रीटमधलं सेग्रिगेशन मोजायला फिजी : काही महिन्यांच्या वापरानंतर

लेका, म्हणजे भट्टीत भाजून फुगवलेल्या मातीची खडी घातलेलं काँक्रीट तपासायला आमच्या लॅबमध्ये गेले काही महिने मी फिजी वापरते आहे. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रॅसबँड यांनी बनवलेल्या इमेजजे या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरला बरेच प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) जोडून दिलेला हा संच. पैसे पडत नाहीत, जुन्या संगणकावरही चालतो. मुळात जीवशास्त्रवाल्यांचं साधन, पण कापलेल्या सिलिंडरवरची खडी मोजायला माझ्या मते याहून चांगलं फुकटात मिळणार नाही.

सेग्रिगेशन म्हणजे खडी सगळीकडे सारखी न राहता एकीकडे जमणं. साध्या काँक्रीटमध्ये खडी खाली बसते, इथे ती वर येते. लेका मोर्टारपेक्षा, म्हणजे भोवतालच्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणापेक्षा, हलकी असते, त्यामुळे व्हायब्रेटर जरा जास्त चालला किंवा मिक्स पातळ झालं की ती तरंगते. त्यातही मोठे दाणे पुढे, कारण चिकट द्रवात चढण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. साचा काढल्यावर सिलिंडर बाहेरून छान गुळगुळीत दिसतो आणि आतलं काहीच कळत नाही.

म्हणून १५० × ३०० मिमीचा सिलिंडर डायमंड ब्लेडने उभा कापायचा, कापाच्या चित्रात वरून खाली ५० मिमीचे सहा पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात खडीचं क्षेत्रफळ किती टक्के ते काढायचं. कापावर दिसणारं क्षेत्रफळाचं प्रमाण सरासरीने घनफळाच्या प्रमाणाएवढंच असतं, हे फ्रेंच भूवैज्ञानिक डेलेस यांनी १८४७ सालीच मांडलं होतं. सगळी पद्धत त्यावर उभी आहे.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगते. सॉफ्टवेअरमध्ये नाही, उजेडात आहे. मोबाइलने फोटो काढला आणि दिवा एका बाजूला असला, तर एक टोक गडद येतं आणि तिथे खडी जास्त मोजली जाते. म्हणजे सेग्रिगेशन नसतानाही दिसतं! कापलेला तुकडा वरचं टोक खाली येईल असा फिरवून पुन्हा फोटो काढा. फरक तुकड्याबरोबर फिरला तर तो खरा, जागेवरच राहिला तर उजेडाचा. मी आता फ्लॅटबेड स्कॅनरच वापरते, काचेवर पारदर्शक शीट टाकून. ६०० डीपीआयला एक पिक्सेल सुमारे ०.०४ मिमीचा येतो, तेवढं भरपूर झालं.

करड्या चित्रावर ऑत्सू थ्रेशोल्डने, म्हणजे उजळ आणि गडद भागांमधली सीमा आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीने, माझं काम भागलं नाही, कारण लेकाचं गडद काळं अंतरंग आणि ओलसर मोर्टार एकमेकांत मिसळतात. चित्र एचएसबीमध्ये, म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि उजळपणा अशा तीन थरांत फोडून सॅच्युरेशनचा थर घेतला की दाण्याचं तपकिरी कवच स्वच्छ वेगळं होतं, कारण करड्या मोर्टारमध्ये रंग जवळजवळ नसतोच. कवचाचं कडं बंद असलं की ‘फिल होल्स’ आतली पोकळी भरून टाकतं. कडं तुटलं असेल तर मात्र हाताने जोडावं लागतं, आणि ते कंटाळवाणं काम आहे. चिकटलेले दाणे सोडवणारं ‘वॉटरशेड’ मी टक्केवारीसाठी लावत नाही. लांबट दाण्यांचे उगाच दोन तुकडे होतात. दाण्यांची संख्या हवी असेल तेव्हाच ते घ्यावं.

दाण्यांच्या आकाराबद्दल सावध राहा. कापावरचं वर्तुळ म्हणजे दाण्याचा व्यास नव्हे. गोल दाणा कुठेही कापला जाऊ शकतो, त्यामुळे दिसणारा व्यास सरासरीने खऱ्याच्या ०.७८५ पट, म्हणजे π/४ पट भरतो. चाळणीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. पण वरच्या आणि खालच्या पट्ट्याची आपसात तुलना करायला हरकत नाही, आणि मला फिजीचं सगळ्यात मोल वाटतं ते इथेच. चकत्या कापून वजन केलं तर घनता बदलली एवढंच कळतं; मोठी खडी चढली की सगळीच, हे चित्रच दाखवतं.

एका कापावर निकाल देऊ नका. अर्धा भाग पहिल्या कापाला काटकोनात पुन्हा कापा, आणि दोन्हीकडे वरून खाली तोच कल दिसला तरच अहवालात लिहा. फिजीतला मॅक्रो रेकॉर्डर, म्हणजे केलेल्या पायऱ्या नोंदवून ठेवणारी सोय, सुरुवातीपासून चालू ठेवा, म्हणजे सगळ्या नमुन्यांना त्याच पायऱ्या लागतील.