जॅझवाल्यांबरोबर वाजवायचंय: सतार न्यावी की बासरी?

मागच्या महिन्यात मित्राच्या मुलाचा फोन आला, काका, आमच्या कॉलेजातला जॅझ ग्रुप मला घेतोय पण सतार आणू की बासरी तेच ठरेना. त्याला दोन्ही येतं, सतार बऱ्यापैकी आणि बासरी कामचलाऊ, म्हणजे साधारण माझीच दहा वर्षांपूर्वीची अवस्था. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर टाकतोय. राग, थाट, कॉर्ड हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पहिल्या फेरीत सतारच जिंकते, त्यात वादच नाही. नुसता एक सा छेडून मींड घेतली (तार खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेलो) की ड्रमवाला स्टिक्स मांडीवर ठेवून ऐकायला लागतो, आणि 'झाला' हा वेगवान भाग सुरू केला की चिकारीमुळे, म्हणजे सा वर लावलेल्या बाजूच्या तारांमुळे, ताल आपोआप येतो, बासरीवाल्याला हे सुख नाही. कोथरूडहून कोरेगाव पार्कला रिक्षातून सतार नेणं म्हणजे भोपळा मांडीवर घेऊन प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव, पण तेवढं आपण करतो. सगळे उभे किंवा स्टुलावर आणि आपण एकटेच खाली चौकीवर, त्याचीही सवय होते. एसी हॉलमध्ये सुरात लावलेली सतार वीस मिनिटांत सुरातून हलते आणि बाकीचे आपल्याकडे बघत बसतात, तेही चालवून घेतलं.

माझं घोडं अडलं ते आठ बारांवर.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ सालची 'सो व्हॉट' बहुतेकांनी ऐकलीच असेल. बत्तीस बारांची रचना (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा), पहिले सोळा डी डोरियन या स्वरसप्तकात, मग आठ बार अर्धा स्वर वर सरकून ई फ्लॅटमध्ये, शेवटचे आठ परत डीमध्ये. डी डोरियन म्हणजे पांढरी दोनचा (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी, सा धरून) काफी थाट, मी म्हटलं ही तर आपलीच चीज, सतार पांढरी दोनला लावली, तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा, काफीच्या स्वरांना लावल्या आणि एरंडवण्यातल्या गच्चीवरच्या खोलीत प्रॅक्टिसला बसलो. पहिले सोळा बार असे रंगले की बेसवाला डोळे मिटून हसत होता, आणि मग ते आठ बार आले.

आता हिशोब बघा. आपला सा पांढरी दोन धरला तर त्या आठ बारांत मिळतात कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी आणि शुद्ध नी. सा नाही, पंचम नाही. काफीतले जेमतेम दोन स्वर, कोमल ग आणि कोमल नी, कामाला येतात. आणि ज्याला त्या आठ बारांत घर मानायचं तो कोमल रे, त्याला माझ्या सतारीवर मधल्या सप्तकात पडदाच नाही! सा वरून तार खेचून काढायचा नाहीतर आधीच पडदा सरकवून ठेवायचा, पण सरकवलेला पडदा बाकीच्या चोवीस बारांत बोटाखाली येऊन घात करतो. खेचून काढला समजा, तरी चिकारी सा वरच, जोडीची तार सा वरच, आणि मी काहीही वाजवलं तरी खालून बारा-तेरा तरफा काफी गुणगुणत राहणार. पियानोवाल्या मुलीने काही न बोलता माझ्याकडे एकदा पाहिलं, बस्स.

मग उपाय सुरू झाले. चिकारी टाळली, डावा हात अधूनमधून तारांवर दाबून ठेवला, शेवटी एक दिवस हातरुमालाची घडी करून तरफांखाली सरकवली. गुणगुण थांबली खरी, पण सतारीचा बुलबुलतरंग झाला. माझ्या सतारीच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तरफा काढूनच टाक ना, आणि भोपळाही काढ, रिक्षाला सोपं पडेल." पुढचे दोन महिने मी ते आठ बार सरळ गप्प बसायचो.

माझ्यापेक्षा शंभरपट चांगले सतारिये यातून मार्ग काढत असतील, नाही म्हणत नाही. पण जिथे जिथे सतार जॅझशेजारी खुलली तिथली जमीन ऐका. माइल्स डेव्हिसच्याच १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये सतार आहे, तबला आहे, पण तिथे कॉर्ड जागचे फारसे हलतच नाहीत. गंमत म्हणजे जॉन मॅक्लॉफ्लिनने आपल्या 'शक्ती' या ग्रुपसाठी गिटारवर सात तरफेच्या तारा लावून घेतल्या होत्या, आणि त्यांचं बरंचसं संगीतही रागाच्या, एका सा च्या आधाराने चालतं. म्हणजे तरफा चालतात, फक्त खालचा सा पळता कामा नये.

बासरीवर काय झालं? खरं सांगायचं तर सुरुवातीला काहीच थोर झालं नाही. कोमल रे साठी तिसरं भोक अर्धं झाकायचं आणि वेगात ते बोट कधी जास्त झाकतं कधी कमी, त्यामुळे सॅक्सवाला ज्या सफाईने भराभर अर्ध्या-अर्ध्या स्वरांच्या ओळी वाजवतो तशा बासरीवर मला आजही जमत नाहीत. आवाज ड्रमखाली दबतो, माइक जवळ घेतला तर फूफू ऐकू येतं, आणि बांबू गरम झाला की सूर चढतो तो ओठाने सांभाळायचा. पण बासरी थांबली की थांबते हो! मागे काही वाजत राहत नाही. आठ बार आले की पांढरी दोन खाली, मांडीवरची काळी दोन ओठाला, तिच्यावर तोच काफी तीच बोटं, आठ बार झाले की परत पांढरी दोन. आमच्या लयीत साधारण पंधरा सेकंदांचा मामला असतो. एकदा घाईत तीच बासरी परत उचलली आणि अख्खे आठ बार अर्धा स्वर खाली वाजवले, नंतर एका श्रोत्याने येऊन "फारच धाडसी" म्हणून हात मिळवला.

दुसरं म्हणजे सॅक्सवाल्यांना बी फ्लॅट आणि ई फ्लॅट प्यारे, म्हणजे आपली काळी पाच आणि काळी दोन. काळी एकच्या सतारीला काळी पाचवर उतरवा, तारा लुळ्या पडतात. बासरीवाला पिशवीतून दुसरी काढतो. हरिप्रसादजी, झाकीरभाई, मॅक्लॉफ्लिन आणि सॅक्सवर यान गार्बारेक असा १९८७ चा 'मेकिंग म्युझिक' ऐका, किंवा राकेश चौरसियांची बासरी बेला फ्लेकच्या बँजोबरोबर आणि एडगर मायरच्या बेसबरोबर ऐका, त्याला २०२४ मध्ये ग्रॅमीही मिळालं. बासरी कुणाची जागा न अडवता मध्ये शिरते.

(हार्मोनियमचं काय, असं कुणीतरी विचारणारच, पुणं आहे हे. बारा स्वर तयार, कॉर्डही वाजतात, पण मींड नाही, आणि मग ग्रुपमधला कीबोर्डवाला विचारतो की मी काय करू.)

तुमचा ग्रुप एकाच सुरावर अर्धा तास रमणारा असेल तर मात्र माझं ऐकू नका, सतारच न्या, त्या मजेला तोड नाही. माझी मिरजेची सतार घरात गवसणीत असते आणि रविवारी सकाळी निघते, तरफांसकट. पण ग्रुप कॉर्ड बदलणारा असेल, आणि कॉलेजातले बहुतेक तसेच असतात, तर मी आपला बासरीकडे झुकतो.

मित्राच्या मुलाला म्हटलं, आधी काळी पाचची घे, बोटांना बेताची आहे आणि सॅक्सवाला खूश होईल, पांढरी दोनची लांब बासरी नंतर, तिची भोकं इतकी लांब लांब असतात की बोटं पोचेपर्यंत महिना जातो. आणि दुकानात वरची तीन भोकं बंद करून, पाच मिनिटं वाजवून बासरी गरम झाल्यावरच सा ट्यूनरवर बघ, थंड बासरी खोटं बोलते.