स्लोन केटरिंगचा ब्लॅडर कॅन्सर कॅल्क्युलेटर वापरून बघितला, आकडा कसला आहे ते आधी वाचा

अण्णांचं मूत्राशय काढलं त्याला सव्वा महिना झाला, पोटावर पिशवी आलीय, ती बदलायला आई आता माझ्यापेक्षा पटकन शिकली. मोठा बायोप्सी रिपोर्ट आला, पीटी३ (गाठ मूत्राशयाच्या स्नायूच्या बाहेर चरबीपर्यंत गेलेली), एन झीरो (लिम्फ नोड, म्हणजे लसिका गाठींत नाही), हाय ग्रेड (पेशी आक्रमक), आणि डॉक्टर म्हणाले पुढे केमो वगैरे द्यायची का ते बघू, दोन आठवड्यांनी या. दोन आठवडे कोण गप्प बसतंय. रात्री साडेबाराला मोबाइलवर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलचा कॅल्क्युलेटर उघडला, नोमोग्राम म्हणतात त्याला. फुकट आहे.

यात वय, स्त्री की पुरुष, कॅन्सरचा प्रकार, स्टेज, ग्रेड, लिम्फ नोडमध्ये गेलाय का, आणि डायग्नोसिस ते ऑपरेशन किती वेळ गेला एवढं धरतात. या शेवटच्या रकान्याशी माझा हात अडला. अण्णांना लघवीतून रक्त जात होतं तेव्हा जवळच्या एका डॉक्टरांनी इन्फेक्शन इन्फेक्शन करत तीन महिने गोळ्या दिल्या, पण इथलं घड्याळ डायग्नोसिसपासून सुरू होतं, म्हणजे ते तीन महिने हिशोबात धरलेच जात नाहीत. असो.

आता मुद्द्याचं. जो टक्का येतो तो पाच वर्षांत आजार परत न येण्याचा आहे, जगण्याचा नाही. मी पहिल्यांदा तो अण्णा किती जगतील असाच वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो, मग सकाळी नीट वाचलं. आकडा इथे लिहीत नाही, तुमचा वेगळाच येणार. नोडच्या जागी उगाच पॉझिटिव्ह टाकून बघितलं तर धाडकन खाली आला, नोडला किती वजन आहे ते तिथे कळलं.

भरवशाचं म्हणाल तर हवेतलं नाहीये. २००६ साली छापून आलं, १२ सेंटरचे ९००० वर पेशंट. अचूकता ०.७५, म्हणजे दोन पेशंट पुढे ठेवून आजार आधी कोणाचा परत येईल विचारलं तर शंभरात साधारण पंचाहत्तर वेळा बरोबर, आणि नाणं उडवलं तरी पन्नास येतातच की. नेहमीच्या टीएनएम (गाठ, नोड, पसरणं) स्टेजवरून ०.६८ येत होतं, म्हणजे सुधारणा आहे पण फार उड्या मारण्यासारखी नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

कापलेला दीड कशाचा, तर हा हिशोब इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांच्या, आधीचा आहे. त्यातल्या निवोलुमॅब या इंजेक्शनची ट्रायल २०२१ मध्ये आली, ऑपरेशननंतर धोका जास्त असलेल्या पेशंटवर, त्यात आजार परत न येता गेलेला काळ मीडियन (अर्ध्या पेशंटचा याहून जास्त) २०.८ महिने आणि नुसत्या प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनवर, १०.८. पीटी३ असून ऑपरेशनआधी केमो झालेली नाही, आता सिसप्लॅटिन (केमोचं नेहमीचं औषध) देता येत नसेल तर अण्णा त्याच गटात बसतात. हे या टक्क्यात कुठून येणार, आणि इंजेक्शनचा खर्च ऐकून आमच्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला तो वेगळाच विषय.

तरी उपयोग झाला हं. आधी मी डॉक्टरांना फक्त "बरे होतील ना?" एवढंच विचारत होतो, यावेळी विचारलं की धोका एवढा असेल तर केमो की इम्युनो की नुसतं सीटी करत लक्ष ठेवायचं. ते जरा सरळ बसले, प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने दोन फाटे काढले, एकावर किडनी ठीक, सिसप्लॅटिन, दुसऱ्यावर किडनी कमजोर, निवोलुमॅब. आणि गंमत बघा, अख्खा निर्णय ज्या क्रिएटिनिनवर (किडनी किती चालते ते सांगणारी रक्ततपासणी) अडलाय ते हा कॅल्क्युलेटर विचारतच नाही.

एक सांगतो, रिपोर्ट समोर ठेवूनच भरा, आठवून नको. आणि पेशंटच्या हातात मोबाइल देऊ नका. अण्णा विचारत होते काय टाइप करतोयस एवढं, म्हटलं लाइट बिल भरतोय.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट गुरुवारी मिळेल.