एका कपासाठी गॅस की किटली?

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की ओट्याजवळ उभं राहवत नाही. तेव्हा मला विजेची किटली आवडते. 1500 वॉटची किटली अर्धा लिटर पाणी दोनेक मिनिटांत उकळते आणि बहुतेक उष्णता पाण्यातच जाते. गॅसची बरीच आच गंजाच्या (पातेल्याच्या) बाजूंनी निसटून स्वयंपाकघर तापवते. पण बऱ्याच किटल्यांना किमान अर्धा लिटर पाणी लागतंच, म्हणजे एका कपासाठी तीन कपांची वीज. विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थरही तळाशी बसतो (लिंबाच्या रसाने निघतो). खरी अडचण दुधाची: किटलीत ते उतू जातं, तळाला करपतं. आलं ठेचून कढवलेला दुधाचा चहा हवा, तर गंज गॅसवरच मांडा. कोऱ्या चहाला मात्र किटलीच.