पोरांना घेऊन दोन महिने थायलंड-व्हिएतनाम: फसवणूक कुठे होते आणि कशी

एप्रिल-मेची शाळेची सुट्टी अख्खी धरून आईवडील, दोन पोरं आणि कधी सोबत आजी, असं सगळं घर सहा-आठ आठवडे दक्षिण-पूर्व आशियात राहायला जातं. आठ दिवसांच्या ग्रुप टूरमध्ये फसलं तर एखाद्या जेवणाचे किंवा टॅक्सीचे पैसे जातात. लांबच्या प्रवासात तिकिटं, व्हिसा, महिन्याचं घर, भाड्याची स्कूटर हे सगळं स्वतःच बघायचं असतं आणि प्रत्येक ठिकाणी चौघांचे पैसे अडकलेले असतात. एक पोर खांद्यावर पेंगत असतं, दुसऱ्याला शू लागलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी समोरचा पैसे मागतो. आईबाप देऊन मोकळे होतात. खालचे जवळजवळ सगळे प्रकार त्या थकव्यावर बेतलेले आहेत. म्हणून शक्य तेवढे निर्णय घरून निघण्याआधीच घेऊन ठेवा.

पहिली फसवणूक आपल्याच शहरात होते. ओळखीतला एजंट स्वस्तात चार परतीची तिकिटं देतो, पैसे घेतो आणि व्हॉट्सअॅपवर सहा अक्षरांचा पीएनआर पाठवतो. विमान कंपनीच्या साइटवर तो टाकला की चौघांची नावं दिसतात, त्यामुळे आपण निश्चिंत होतो. पण पैसे न भरता नुसती जागा धरून ठेवली तरी पीएनआर तयार होतो. मुदत संपली की तो आपोआप रद्द होतो, आणि हे कळतं थेट विमानतळावर. मोठ्या कंपन्यांचं तिकीट खरोखर निघालं असेल तर प्रत्येक प्रवाशाला 13 आकडी तिकीट क्रमांक मिळतो. त्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडियाचे 098, थाई एअरवेजचे 217, व्हिएतनाम एअरलाइन्सचे 738. चार माणसं म्हणजे चार वेगळे क्रमांक हवेत. स्वस्त कंपन्यांकडे हा क्रमांक नसू शकतो. तिथे साइटवर जाऊन बुकिंग उघडा आणि पैसे भरल्याची नोंद बघा. हे एकदा बघून भागत नाही. परतावा मिळणारं तिकीट काढून, ते आपल्याला दाखवून, नंतर गुपचूप रद्द करणारेही आहेत, आणि परताव्याची रक्कम जाते एजंटच्या खात्यात. त्यामुळे पैसे दिल्या दिवशी, पंधरा दिवसांनी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, असं तीनदा तपासा.

तान्हं पोर असेल तर आणखी एक खोच आहे. मांडीवर बसवायचं तिकीट दोन वर्षांखालच्या मुलाला चालतं, आणि वय त्या त्या उड्डाणाच्या दिवशी मोजलं जातं. जाताना 23 महिन्यांचं असलेलं बाळ दीड महिन्याने परतताना दोन वर्षांचं झालेलं असतं, म्हणजे परतीला त्याला स्वतःची सीट लागते. एकूण आकडा कमी दिसावा म्हणून एजंट दोन्ही बाजूंना मांडीवरचंच तिकीट लावतो. काउंटरवर अडवलं की त्या दिवसाच्या चढ्या भावाने सीट घ्यावी लागते, तीही त्याच विमानात मिळाली तर.

टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारला भरायचा कर, यातही एजंट असंच फसवतात. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याने तो कर घेऊन आपल्या पॅनवर जमा करायचा असतो. बिलात टीसीएस लावलाय आणि पॅन मात्र कोणी मागितलाच नाही, तर तो पैसा आपल्या नावावर जमा होत नाहीये. जमा झालेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावासमोर दिसते. ‘रोख द्या, टीसीएस माफ’ या बोलीला भुलू नका. पावती नसली की पुढे तक्रारीला काही आधारच उरत नाही.

व्हिसाच्या बाबतीत माणसं सर्वांत सहज फसतात, कारण समोरची साइट खरी वाटते. व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवर एका प्रवेशाला 25 डॉलर आणि अनेक प्रवेशांना 50 डॉलर आहे. मुदत 90 दिवसांपर्यंत मिळते आणि मुलांना तेवढीच फी लागते. गूगलवर शोधलं की वरच्या ओळी जाहिरातींच्या येतात, आणि त्यात लाल-पिवळा झेंडा लावलेल्या खासगी दलालांच्या साइट असतात. पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असाच हवा. ‘जीओव्ही’ मध्येच कुठेतरी घुसवलेलं असेल आणि शेवट ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ओआरजी’ असेल तर ती सरकारी साइट नाही. जास्तीचे पैसे जातात हे नुकसान तसं लहान आहे. पोरांसकट सगळ्यांच्या पासपोर्टचे स्कॅन आणि फोटो भलत्याच्या हातात जातात, हे मोठं. शिवाय दलालाने जन्मतारखेत दिवस-महिना उलटा केला किंवा आडनावाचं एक अक्षर गाळलं, तर विमानतळावर चेक-इनलाच अडवतात, आणि मग ‘अर्जंट दुरुस्ती’ म्हणून तोच दलाल वर पैसे मागतो. अर्ज स्वतः भरा आणि पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन यांत्रिक ओळी असतात, त्यांतलं स्पेलिंग उतरवा. व्हिएतनाममधून कंबोडियात जाऊन परत यायचं असेल तर 25 डॉलरचा व्हिसा बाहेर पडताच संपतो. तिथे 50चाच लागतो.

थायलंडला 1 मे 2025 पासून प्रवेशाआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते पूर्ण फुकट आहे. पोहोचण्याच्या आधीच्या 72 तासांत भरायचं आणि प्रत्येक मुलाचंही भरायचं. याच्या नावावर डॉलर घेणाऱ्या साइट भराभर निघाल्या आहेत. थायलंडच्या सरकारी साइटचा शेवट ‘डॉट जीओ डॉट टीएच’ असतो. पैशाचं पान उघडलं तर तिथेच थांबा. आणि इमिग्रेशनच्या काउंटरवरून हलण्याआधी प्रत्येकाच्या शिक्क्यातली मुक्कामाची शेवटची तारीख वाचा. आईवडिलांपैकी एकाचीही चुकली तर नंतर दिवसाला 500 बाट दंड लागतो.

आता रात्रीचा विमानतळ. हनोईचं नोई बाई शहरापासून तीसेक किलोमीटर आहे. सामान घेऊन बाहेर पडताच एकजण ‘ग्रॅब, ग्रॅब’ (फोनवरून गाडी मागवायचं तिथलं अॅप) म्हणत पुढे येतो. हातातल्या फोनवर हिरवी स्क्रीन असते, तीवर नकाशा आणि एक रक्कम. बऱ्याचदा तो नुसता स्क्रीनशॉट असतो. तो आधी बॅग उचलतो, बोलणं नंतर. बॅग डिकीत गेली की भाव तो सांगेल तो, कारण झोपलेलं पोर घेऊन भर रस्त्यात डिकी उघडायला लावणं कोणाला जमत नाही. म्हणून दोघांपैकी एकाने फक्त मुलं सांभाळायची आणि दुसऱ्याने बॅगांवर हात ठेवून उभं राहायचं. अॅपमधला गाडीचा नंबर पाटीशी आकडा-आकडा जुळवा. ड्रायव्हरला आपलं नाव सांगू नका, त्याच्याकडून वदवून घ्या. खरी बुकिंग असेल तर त्याच्या फोनवर नाव असतंच. साध्या टॅक्सीतही नकला आहेत. माय लिन्ह या नावाजलेल्या कंपनीच्या रंगांत, एखादं अक्षर बदलून रंगवलेल्या गाड्या फिरतात, आणि त्यांची मीटरं पळतात.

दुसरा अंक हनोईच्या जुन्या पेठेत होतो. अरुंद गल्ली, रात्रीचे साडेबारा. ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो आणि म्हणतो, तुमचं हॉटेल बंद आहे, पाणी गळतंय, तुम्हाला दुसऱ्या शाखेत पाठवलंय. फोनवर ‘मॅनेजर’ही देतो. ती दुसरी शाखा म्हणजे जवळपास त्याच नावाचं निराळंच हॉटेल असतं, भाव दुप्पट आणि खोली कोंदट. जुन्या पेठेत एकसारख्या नावांची हॉटेलं खरोखर आहेत, त्यामुळे पाटी वाचूनही उलगडा होत नाही. निघण्याआधीच हॉटेलचा घरक्रमांकासह पत्ता, दर्शनी भागाचा फोटो आणि रिसेप्शनचा नंबर फोनमध्ये उतरवून ठेवा. ड्रायव्हरने लावून दिलेल्या फोनवर बोलू नका, स्वतः लावा. विमानतळावरून शहरात येणारी 86 नंबरची नारिंगी बस स्वस्त आणि चांगली आहे, पण लहान पोरं असतील तर आमचं स्पष्ट मत असं: पहिल्या रात्री हॉटेलकडूनच गाडी मागवा, भाडं ईमेलवर लिहून घ्या आणि रिसेप्शनवर द्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

नोटांचा घोळही याच वेळी होतो. व्हिएतनामची 20,000 डोंगची नोट निळी आणि 5,00,000 डोंगचीही निळी. पहिली सत्तरेक रुपयांची, दुसरी साधारण 1,700ची. मिणमिणत्या दिव्यात आपण पाच लाखांची देतो, ड्रायव्हर हात खाली नेतो आणि वर काढतो ती वीस हजारांची: ‘तुम्ही चुकीची दिली.’ पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. देताना आकडा मोठ्याने म्हणा आणि समोरच्याने तो मान्य केल्यावरच नोट सोडा. दुकानात कार्ड वापरताना मशीनने रुपये की डोंग असं विचारलं तर डोंग निवडा. रुपयांतला दर मशीनवाला लावतो, आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो.

बँकॉकच्या राजवाड्याबाहेरचा प्रकार फार जुना, तरी रोज चालतो. नीटनेटका माणूस सांगतो, आज पूजा आहे, दुपारपर्यंत बंद. मग 20 बाटात टुकटुक, वाटेत एक बुद्धमंदिर आणि शेवटी रत्नांचं किंवा शिंप्याचं दुकान. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. उघडा की बंद ते फाटकावरच्या गणवेशातल्या माणसाला विचारा. तिकीट 500 बाट. पर्यटक पोलिसांचा नंबर 1155.

सर्वांत मोठी रक्कम जाते महिन्याच्या घरात. थायलंडमधल्या चियांग माईला किंवा व्हिएतनाममधल्या दा नांगला कुटुंबं मुद्दाम एक-दोन महिने एकाच जागी राहतात, पोरांना पोहायला तलाव हवा असतो. जाहिरातीत तलावाचाच फोटो पहिला येतो. भाडं बाजारापेक्षा कमी सांगितलेलं, मालक ‘सध्या परदेशात’, आणि घर धरून ठेवायला एक महिन्याचं डिपॉझिट आगाऊ ट्रान्सफर करायचं. फोटो दुसऱ्याच घराचे असतात. बघायचं असेल तर थेट व्हिडिओ कॉलवर त्याला मुख्य दारापासून लिफ्टने वर खोलीपर्यंत चालायला लावा, नळ सोडायला सांगा, वीजमीटर दाखवायला सांगा. थायलंडमध्ये एक नेमका प्रश्न विचारा: टीएम 30 कधी भरणार? परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांत ती नोंद करणं घरमालकाचं काम आहे. खऱ्या मालकाला हा शब्द माहीत असतो. थापाड्या विषय बदलतो. याहून सोपं म्हणजे आधी तीन रात्री हॉटेलात काढा, घर डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या.

घर खरं असलं तरी डिपॉझिट परत मिळण्याची खात्री नसते. किल्ली घेतली त्याच तासाला मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, गादी उलटून बघा, भिंती, कपाटाची दारं, बाथरूमच्या फरशा यांचा सलग व्हिडिओ करून मालकाला त्याच दिवशी पाठवा. मुलांच्या घरात भिंतीवर पेन्सिलीची रेघ सापडतेच, आणि आधीचे डागही मग आपल्याच पोरांच्या नावावर लागतात. विजेचा दर प्रति युनिट किती, ते करारात आकड्यात लिहून घ्या. खासगी मालक सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट लावतात आणि एसी दिवसभर चालतो. घर सोडायचं ते विमानाच्या किमान दोन दिवस आधी. जायच्या सकाळी हिशेब काढला तर मालक ‘नंतर पाठवतो’ म्हणतो, आणि ते पैसे येत नाहीत.

स्कूटरवाला पासपोर्ट तारण मागतो. देऊ नका. रोख डिपॉझिट चालत नसेल तर दुसरं दुकान शोधा. परत करताना तो जुनाच ओरखडा दाखवतो. काही ठिकाणी दुकानाकडच्या दुसऱ्या चावीने रात्री स्कूटरच गायब होते, आणि पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये असल्यामुळे तो म्हणेल तेवढे मोजावे लागतात. थायलंडमधल्या पटायाच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या जेट स्कीचा (पाण्यावरच्या स्कूटरचा) जुन्या ओरखड्यांचा खेळ हाच. पासपोर्ट गेला तर आपली वकिलात देते ते इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. एकाचा पासपोर्ट गेला की चौघांचा पुढचा प्रवास संपतो. व्हिएतनामसाठी आणखी एक: भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या 1949च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा आहे आणि व्हिएतनाम मानतं 1968च्या करारातला. दुकानदार ‘चालतं’ म्हणून स्कूटर देतो, पण अपघात झाला तर विमा कंपनी परवाना विचारते आणि दावा फेटाळते. पोराला पुढे उभं करून स्कूटर चालवणाऱ्या आईबापांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

कंबोडियातल्या सिएम रीपला पोरांच्या मायेवरच हात घातला जातो. कडेवर बाळ घेतलेली बाई म्हणते, पैसे नकोत, फक्त दुधाची पावडर घेऊन द्या. दुकान ती दाखवते, डबा महाग असतो, आणि आपण गेल्यावर तोच डबा परत फळीवर जाऊन पैसे वाटले जातात. आपल्या मुलांना दानाचं महत्त्व कळावं म्हणून अनाथाश्रम दाखवायला नेणाऱ्या सहलीही टाळा. तिथल्या बऱ्याच मुलांना आईवडील असतात. पाहुणे येत राहावेत म्हणून त्यांना घरापासून दूर ठेवलं जातं, आणि आपली देणगी तेच चालू ठेवते.

पैसे गेलेच तर वेळ महत्त्वाची. भारतातल्या एजंटने किंवा साइटने फसवलं असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. क्रेडिट कार्डाने भरलं असेल आणि सेवा मिळालीच नसेल तर बँकेकडे लेखी वाद नोंदवता येतो. यूपीआयने किंवा थेट खात्यात पाठवलेल्या पैशांना ती सोय नाही, म्हणून मोठी रक्कम कार्डानेच द्या. परदेशात चोरी किंवा जबरदस्ती झाली तर त्याच दिवशी, तो देश सोडण्याआधी पोलिसांकडून तक्रारीची शिक्का मारलेली प्रत घ्या. भाषा थाई किंवा व्हिएतनामी असली तरी चालेल, भाषांतर घरी आल्यावर करता येतं. ती प्रत नसेल तर विमा कंपनी दाव्याची फाइल पुढे सरकवत नाही.