तन्नूर, किरा की आख? हिब्रू घराच्या नेपथ्यात आग कोणती मांडावी

बायबलकाळातलं घर रंगमंचावर उभं करायचं असलं की तीन दगड मांडून वर हंडा चढवायचा मोह होतो. तसं करू नका. त्या घरांत आग अनेक प्रकारची होती, आणि कोणती घ्यायची ते प्रसंगच सांगतो.

भाकरीचा प्रसंग असेल तर तन्नूर. आपला तंदूर याच शब्दाच्या कुळातला. मातीचं नळकांडं, खाली रुंद, वर निमुळतं. ऊब टिकावी म्हणून बाहेरून खापरांचा लेप. आत जाळ करायचा, भिंती तापल्या की पोळी आतून थापायची. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकात (२६:२६) दुष्काळाची खूण अशी सांगितली आहे की दहा बायका एकाच तन्नूरात भाकऱ्या भाजतील. भूक दाखवायची असेल तर एक तन्नूर आणि भोवती दहा बायका, संवादही लागणार नाही.

कालवण शिजवायचं असेल तर किरा, म्हणजे मातीची चूल. लेवीय ११:३५ मध्ये तिचं नाव द्विवचनात येतं, 'किरायिम', कारण तिच्यावर दोन भांडी बसत. मेलेला अशुद्ध प्राणी पडला तर तन्नूर आणि किरा दोन्ही फोडून टाका, असं तिथे म्हटलंय. म्हणून सेटवर दगडी बांधकाम नको, माती दिसू द्या.

शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीदिवसाची, संध्याकाळ असेल तर मात्र निवड नीट करा. त्या दिवशी घरात आग पेटवायची नाही (निर्गम ३५:३), मग अन्न गरम ठेवायचं कसं? सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेली मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा संग्रह, सांगते: किरा काडीकचऱ्याने तापवली असेल तर शिजलेलं अन्न तिच्यावर ठेवा, लाकूड किंवा ऑलिव्हची पेंड जाळली असेल तर आधी निखारे काढा किंवा राखेने झाका. तन्नूरात काडीकचरा जाळला असला तरी अन्न ठेवायचं नाही. आच त्यात कोंडून राहते ना! इथे मी किराच घेईन. (कोकणातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' ठरले, ते याच शब्बाथमुळे.)

आख म्हणजे शेगडी. यिर्मया ३६ मध्ये राजा यहोयाकीम नवव्या महिन्यात हिवाळी महालात बसलाय, पुढे आख पेटलेली, आणि संदेष्ट्याची गुंडाळी तुकड्यातुकड्याने कापून तो आगीत टाकतोय. असं दृश्य दुसरं मिळणार नाही, पण ते महालातलं आहे; शेतकऱ्याच्या घरात ही शेगडी नको.

निवड कोणतीही करा, जवळ एक फुटकं खापर ठेवा. चुलीतला विस्तव उचलायला तेच वापरत, यशया ३०:१४ मध्ये त्याचा उल्लेख आहे.