बिल नाही, बॉक्स नाही, आणि ८४,५०० रुपये गेले

भावासाठी दुकानातून कॉम्प्युटर जोडून घेतला, ८४,५०० रुपये दिले. त्यातले ३०,००० यूपीआयनं आगाऊ आणि ५४,५०० रोख. जो माल गळ्यात मारला त्याची बाजारातली किंमत जास्तीत जास्त ५७,४००. म्हणजे २७,१०० रुपयांना सरळ टोपी, वर नवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) घ्यावा लागला त्याचे ६,८०० वेगळे. आकडे आधीच सांगते, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा "कितीला पडलं?" विचारतो आणि लगेच "बिल नाही घेतलंस?" म्हणून माझ्याकडे असं बघतो की चोरी जणू मीच केली.

मी अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर लोकांची जीएसटी रिटर्न भरते. म्हणून हे लिहायला धीर होत नव्हता. घरात अजूनही बाबांसमोर विषय काढत नाही. पण असं गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच ही माणसं इंदूरमध्ये दुकानं चालवतात. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात घातलंय आणि ओळखीच्या वकीलकाकांनी तसं बजावलंय.

भाऊ गेम खेळतो आणि ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर थ्रीडीची कामं घेतो. १४४०पीचा मॉनिटर होताच, मशीन हवं होतं, बजेट ८५,०००. आम्ही काही आंधळेपणानं गेलो नव्हतो. रात्र रात्र बसून यादी केली होती. निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डावर घालायचे हे पहिलं ठरवलं आणि आरटीएक्स ४०६० टीआय घ्यायचं, तेही १६ जीबीचंच. ८ जीबीचं स्वस्त पडतं, पण ब्लेंडरमधला मोठा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की काम रखडतं. एएम५वर, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या नव्या सॉकेटवर, जायचं तर बोर्डही महाग आणि डीडीआर५ रॅमही, म्हणून जुना एएम४ पत्करला: रायझन ७ ५७००एक्स, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, १ टीबीची जेन-४ (म्हणजे पीसीआयई ४.०ची) एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा ८० प्लस गोल्ड एसएमपीएस, कॅबिनेट, आणि प्रोसेसर थंड ठेवायला १,९०० रुपयांचा कूलर. ऑनलाइन सगळं मिळून ९४,९०० होत होतं. बजेटच्या जवळजवळ दहा हजार वर.

हा दुकानदार ८४,५००ला द्यायला तयार झाला.

आता कोणी म्हणेल, एवढा फरक दिसल्यावर शंका यायला हवी होती. आली होती. मी तोंडावर विचारलं, "एवढं कमी कसं?" तो शुद्ध मराठीत म्हणाला, "ताई, आपल्या माणसांकडून काय कमवायचं?" जेल रोडला, सियागंजला आपण हिंदीतच बोलतो, समोरच्यानं मराठीत सुरुवात केली की माणूस सैल पडतो. रामबागेत त्याची मावशी राहते, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना ती माझ्या आईला नक्की ओळखत असेल, राजेंद्र नगरात तो स्वतः लहानाचा मोठा झाला. तासभर हेच. चहा पाजला. आईला नमस्कार सांगायला सांगितला. या गोष्टीचा मला पैशांपेक्षा जास्त संताप येतो. अनोळखी माणसानं लुबाडलं असतं तर इतकं लागलं नसतं.

मग हळूच म्हणाला, पक्कं बिल नको असेल तर जीएसटीचे अठरा टक्के वाचतात, ते तुम्हालाच देतो. इथे मी हो म्हटलं. याबद्दल मला कोणी नीतीचे धडे देऊ नयेत, कच्च्या बिलावर माल अख्खं शहर घेतं आणि ८५,००० आमच्या घरात चेष्टा नाही. पण हिशेब सांगते, तो डोक्यात ठेवा. दुकानदारानं माल पक्क्या बिलानं घेतला असेल तर त्यावरचा कर त्यानं खरेदीतच भरलेला असतो. तुम्हाला बिल न देऊन त्याचा वाचतो तो फक्त त्याच्या नफ्याइतक्या रकमेवरचा जीएसटी. कॉम्प्युटरच्या भागांवर नफा आधीच बारीक, त्यावरचा कर म्हणजे किरकोळ. मग दहा हजारांची सूट येते कुठून? एक तर माल आत येतानाच बिनबिलाचा असतो, नाहीतर तो कागदावर लिहिलेला माल नसतोच. हे मी ऑफिसात कोणालाही दोन मिनिटांत समजावून सांगेन.

कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं, एका ओळीत एक भाग. प्रोसेसरच्या ओळीत "आर७ ५७००". तोंडानं मात्र प्रत्येक वेळी "सत्तावन्नशे एक्स". कार्डाची ओळ होती "४०६० टीआय", आणि तिच्या खालच्या ओळीवर नुसतं "१६ जीबी". त्याखाली "३२०० २×८". वाचणाऱ्याला १६ जीबी कार्डाचेच वाटणार, कारण रॅमची ओळ वेगळी आहे. आज तो म्हणतो, ते सोळा रॅमचे होते. ही चूक नाही, कोटेशन असं लिहायलाच तो शिकलाय. पूर्ण मॉडेल नंबर, कंपनीचं नाव आणि कार्डाची मेमरी एकाच ओळीत लिहून येत नाही तोवर एक रुपया देऊ नका. आगाऊ रक्कम भरताना क्यूआर कोडवर दुकानाच्या नावाऐवजी कोण्या बाईचं नाव आलं, तेव्हा म्हणाला, घरचंच खातं आहे.

आता तो क्षण. मशीन काउंटरवर ठेवलेलं, काचेच्या बाजूनं आतले दिवे लुकलुकतायत, भाऊ खुश. मी आत डोकावले. प्रोसेसरवर एएमडीचं नाव छापलेला काळा, बुटका पंखा बसवलेला. मी विचारलं, हा कुठला कूलर? तो हसून म्हणाला, "ताई, तुमच्या यादीतले १,९०० वाचवले, कूलर माझ्याकडून फ्री."

५७००एक्सच्या बॉक्समध्ये कूलर येतच नाही. म्हणून तर आम्ही यादीत वेगळा धरला होता. बिनएक्सच्या ५७००सोबत मात्र एएमडी नेमका हाच छोटा पंखा देते. म्हणजे कुठला प्रोसेसर बसवलाय हे त्या पंख्यानं माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मी "थँक्यू" म्हटलं. रात्री झोपताना अजून तो पंखा डोळ्यांसमोर येतो. पण तेव्हा पैसे देऊन झाले होते, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि फुकट मिळालेल्या वस्तूवर कोण संशय घेतं? त्यानं सुरू करून दाखवलं ते दिवे आणि एका गेमचा मेनू, बस. मी बॉक्स मागितले, तर म्हणाला, "बॉक्स गोडाऊनला गेले. वॉरंटीला आमच्याकडूनच जातं ना, सिरीयल नंबर आमच्याकडे नोंदलेले असतात." रिकामा खोका द्यायला दुकानदाराला काही पडत नाही. जो देत नाही त्याच्याकडे तो खोका नसतोच. बॉक्स, त्यावरचा सिरीयल नंबर, भागावरचा सिरीयल नंबर, हे तिन्ही समोरासमोर धरून जुळवा, मगच रोख मोजा.

घरी आणल्यावर जड गेम लावला की मशीन खाडकन बंद. दुकानदार आधी म्हणाला व्होल्टेजचा प्रॉब्लेम, मग विंडोजचा, मग फोन उचलेना. शेवटी भावाच्या कॉलेजातल्या एका मुलानं येऊन उघडलं. आत कुठला प्रोसेसर आहे ते दाखवणाऱ्या सीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये रायझन ७ ५७००, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी. ५७००एक्सला ३२ असते. जीपीयू-झेडमध्ये मेमरी ८१९२ एमबी, म्हणजे ८ जीबीचंच कार्ड. तेही वापरलेलं, स्क्रूच्या खाचा घासलेल्या. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी आमच्या खरेदीच्या किती तरी आधीच सुरू झालेली. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये नव्या म्हणून दिलेल्या एसएसडीचे पॉवर ऑन अवर्स ५,८७०, म्हणजे ती आधीच इतके तास चाललेली.

आणि बिनएक्सच्या ५७००चा दगा निम्म्या कॅशवर संपत नाही. तो पीसीआयई ३.०वर (पीसीआयई म्हणजे प्रोसेसरला कार्ड आणि एसएसडीशी जोडणारा मार्ग) चालतो, ५७००एक्स ४.०वर. त्यामुळे जेन-४ची एसएसडी अर्ध्या वेगावर आली. ४०६० टीआय मुळात आठच लेन वापरतं, त्या आठही जुन्या वेगाच्या मिळाल्या. एक अक्षर गाळून त्यानं तीन भाग खाली ओढले.

एसएमपीएस बाहेर काढला तेव्हा तर त्या मुलानं कपाळावर हात मारला. वर मोठ्या अक्षरात ६५० वॅट. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरात १२ व्होल्टसमोर २४ अँपिअर. गुणाकार करा: २८८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे हाच आकडा खरा. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसला तिथे ५४च्या आसपास अँपिअर लिहिलेले असतात. बाहेरचा मोठा आकडा वाचूच नका. खरे निघाले ते बोर्ड, रॅम आणि कॅबिनेट, कारण काचेतून दिसतं ते एवढंच.

यानंतर दुकानात गेलो तर ताई संपली, मॅडम सुरू झाली. "जो लिखा था वही दिया है." मराठी एकदम बंद. वर ५,००० रुपये, तेही रोख नाही, दुकानातून दुसरं काही घ्या म्हणाला. मी नाही म्हटलं.

ठाण्यात आवेदन घेऊन गेले. समोरच्या साहेबांनी पूर्ण वाचलंही नाही. "मैडम, माल तो मिला ना? फिर धोखा कहाँ? ये लेन-देन का मामला है, कोर्ट जाइए." मी म्हटलं, खोटं सांगून पैसे काढणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे. तर म्हणतात, मशीन चालतंय की. आवेदनावर पोचचा शिक्का मागितला तर शिक्क्याचा माणूस जेवायला गेलेला. तो कधी परत आलाच नाही. नवरात्राच्या बंदोबस्ताचं कारण, मग व्हीआयपी दौऱ्याचं कारण. आणि हे सगळं सांगताना चेहऱ्यावर हा भाव की बाईमाणूस व्हिडिओ गेमच्या मशीनसाठी ठाण्यात आली. ८४,५०० रुपयांचं सोनं गेलं असतं तर असंच बोलले असते का? ठाण्यानं घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आयुक्तालय असलेल्या आपल्या शहरात वरच्या अधिकाऱ्यांकडे. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती सांभाळा. हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, वकीलकाकांनी सांगितलं.

बँकेनं हात वर केले, पिन तुम्हीच टाकलात म्हणे. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर "बिल जोडलेले नाही" म्हणून बंद. अहो, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथेची व्याख्या वाचा, वस्तू विकून बिल न देणं हीच त्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे! ज्या गुन्ह्याची तक्रार करायची तो घडलाच नसता तरच तक्रार घेतली जाणार, असा हा कारभार. मग कर विभागाच्या दारात गेले की हा माणूस दिवसाढवळ्या बिनबिलाचा धंदा करतो. तिथेही पहिला प्रश्न: बिल आहे का? दोनशे रुपयांच्या वरच्या विक्रीला नोंदणीकृत व्यापाऱ्यानं बीजक दिलंच पाहिजे हा त्यांचाच नियम. माझ्या क्लायंटचं रिटर्न एक दिवस उशिरा गेलं तर दंड आपोआप लागतो. याच्या दुकानात कोणी फिरकतही नाही.

शेवटी जिल्हा आयोगात ऑनलाइन तक्रार भरली. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. बिल नसलं तरी मी गप्प बसले नाही: कोटेशन, ३०,०००ची यूपीआय नोंद, आणि एक व्हॉइस मेसेज ज्यात तो स्वतःच्या तोंडानं "कार्ड सोळा जीबीवालंच लावतोय ताई" म्हणतो. असे मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. ते सादर करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ५४,५०० रोखीचा मात्र माझ्याकडे कागद नाही. रोख देताना निदान "इतके मिळाले" असा मेसेज तरी घ्या, तो मी घेतला नाही म्हणून आता त्यावरच भांडण होणार.

इंदूरमध्ये ज्यांनी कोणी मराठीत गोड बोलणाऱ्या, खोके न देणाऱ्या दुकानातून मशीन जोडून घेतलंय, त्यांनी आजच सीपीयू-झेड, जीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा, तिन्ही फुकट आहेत. एसएमपीएसचं लेबल मोबाइलवर फोटो काढून मोठं करून वाचा. आणि माझ्यासारखंच निघालं तर त्याच्या ५,०००च्या तडजोडीला भुलू नका. आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती त्याला चांगली ठाऊक आहे, तुम्हीही मोजून ठेवा.